पाणबुडीवरील अधिकारी ते राष्ट्राध्यक्ष : जिमी कार्टर



परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘कितवा नंबर आला?’ आप्त विचारतात, शेजारी विचारतात, वाटेत भेटलेले अनोळखी गृहस्थही विचारतात. ‘तुला जेवढे करता येण्यासारखे होते तेवढे तू केलेस का?’ हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेवर छापलेले असते; दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्यालाच ठाऊक असते. अमेरिकेच्या आरमारातील एका तरुण अधिकाऱ्याला हा दुसरा प्रश्न एकदा विचारला गेला, आणि पुढे शंभर वर्षांचे आयुष्य संपेपर्यंत त्याने तो विसरला नाही. तो अधिकारी म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे एकोणचाळिसावे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर. त्यांचे चरित्र यशाने जितके भरलेले आहे तितकेच अपयशानेही भरलेले आहे, आणि म्हणूनच ते विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

बालपण आणि एक शिक्षिका

कार्टर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९२४ रोजी जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या लहानशा गावी झाला. वडील शेतकरी व दुकानदार, आई लिलियन परिचारिका. जवळच्याच आर्चरी या वस्तीत त्यांचे बालपण गेले. घरात वीज नव्हती. शेतात भुईमूग आणि कापूस पिकत असे. आसपासची बहुतेक कुटुंबे कृष्णवर्णीयांची होती, त्यामुळे जिमीचे खेळगडीही तेच होते. पण शाळा मात्र दोघांच्या निराळ्या, प्रार्थनामंदिरे निराळी, आगगाडीतील बसण्याच्या जागाही निराळ्या. वडील ही रूढी मानीत. आई मात्र कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करी. एकाच घरात मुलाला दोन वाटा दिसत होत्या.

प्लेन्सच्या शाळेत जूलिया कोलमन नावाच्या एक शिक्षिका होत्या. दृष्टी अधू असूनही त्या मुलांना उत्तमोत्तम ग्रंथांची गोडी लावीत. जिमी बारा वर्षांचा असताना त्यांनी त्याला टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ ही प्रचंड कादंबरी वाचावयास सांगितले. नावावरून ही गोष्ट गुराखी आणि रेड इंडियन यांच्या लढायांची असावी अशी त्याची समजूत झाली होती! पुस्तक हाती आल्यावर भ्रमनिरास झाला, परंतु वाचन त्याने सोडले नाही. बदलत्या काळाशी जुळवून घ्यावे, पण न बदलणारी तत्त्वे सोडू नयेत, अशी या बाईंची शिकवण होती. चाळीस वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतरच्या भाषणात, आणि पुढे नोबेल पारितोषिक स्वीकारतानाही, कार्टर यांनी त्या खेडेगावातील शिक्षिकेचे स्मरण केले. शिक्षकी पेशातील माणसाला याहून मोठी गुरुदक्षिणा ती कोणती?

दर्याचे वेड

आम्हां गोमंतकीयांना दर्या नवा नाही. मुरगावच्या बंदरात उभी असलेली युद्धनौका पाहून आपल्यातील कित्येक मुलांच्या मनात आरमारात जाण्याची इच्छा उत्पन्न होते. प्लेन्सपासून समुद्र मात्र फार दूर. तेथे हे वेड पोहोचले ते टपालातून. जिमीचे मामा टॉम गॉर्डी आरमारात होते व ते दूरदूरच्या बंदरांहून भाच्याला चित्रे पाठवीत. ती पाहून या मुलाने अगदी लहानपणीच आरमारी विद्यालयात जाण्याचा निश्चय केला. आपले तळपाय सपाट आहेत म्हणून वैद्यकीय तपासणीत आपण नापास होऊ, या भीतीने तो बाटल्यांवर पाय घोळवीत बसे, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे.

१९४३ साली ॲनापोलिस येथील आरमारी विद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. युद्धामुळे अभ्यासक्रम आखूड केला होता, त्यामुळे १९४६ साली ते पदवीधर झाले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात प्लेन्सच्याच रोझलिन स्मिथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन वर्षे जहाजांवर काढल्यानंतर त्यांनी पाणबुड्यांचे शिक्षण घेतले आणि ‘पॉम्फ्रेट’ नावाच्या पाणबुडीवर ते रुजू झाले. प्रशांत महासागरातील एका वादळी रात्री पाणबुडी पृष्ठभागावर असताना ते पहाऱ्यावर उभे होते. एक प्रचंड लाट आली आणि तिने त्यांना उचलून नेले. पाणी ओसरले तेव्हा ते काही अंतरावरील तोफेला बिलगलेले होते. लाट किंचित तिरपी आली असती तर त्यांचे चरित्र तेथेच संपले असते.

रिकोव्हर यांचा प्रश्न

त्या काळी अमेरिकेच्या आरमारात एक मोठे स्थित्यंतर घडत होते. जुन्या पाणबुड्या पाण्याखाली विजेच्या घटांवर चालत; ते भारून घेण्यासाठी त्यांना वरचेवर पृष्ठभागाजवळ यावे लागे. अणुशक्तीवर चालणारे इंजिन बसविले तर पाणबुडी कित्येक आठवडे पाण्याखाली राहू शकेल, हा विचार हायमन रिकोव्हर या अधिकाऱ्याने हाती घेतला होता. रिकोव्हर मोठे कर्तबगार, पण स्वभावाने अत्यंत कठोर. आपल्या कार्यासाठी निवडावयाच्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घेत.

१९५२ साली कार्टर त्यांच्यासमोर बसले. मुलाखत दोन तासांहून अधिक चालली. ज्या विषयांत आपण निष्णात आहोत असे कार्टर यांना वाटत होते, त्याच विषयांतील त्यांचे अज्ञान रिकोव्हर यांनी एकेक प्रश्न विचारून उघडे पाडले. शेवटी त्यांनी ॲनापोलिस येथील क्रमांक विचारला. सुमारे आठशेवीस विद्यार्थ्यांत कार्टर यांचा क्रमांक साठाच्या आसपास होता. तो सांगताना त्यांची छाती अभिमानाने फुलली असेल. पण शाबासकी मिळाली नाही. आपल्याकडून होईल तेवढे सर्व तुम्ही केलेत का, एवढेच रिकोव्हर यांनी विचारले. ‘होय’ हा शब्द ओठांवर आला होता. पण न वाचलेली पुस्तके आणि आळसात घालविलेले तास आठवले, आणि कार्टर यांनी खरे ते सांगितले : प्रत्येक वेळी केले नाही. त्यावर रिकोव्हर यांनी ‘का नाही?’ एवढेच विचारले आणि खुर्ची फिरवून पाठ केली.

मुलाखत संपली. त्या प्रश्नाला कार्टर यांच्यापाशी उत्तर नव्हते. तथापि त्यांची निवड झाली. आम्हांस वाटते, ती निवड साठाव्या क्रमांकापेक्षा त्या खऱ्या उत्तराने करून दिली असावी. पुढे १९७५ साली कार्टर यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याचे नावही याच प्रश्नावरून ठेवले.

नव्वद सेकंदांचे काम

त्याच वर्षी, १२ डिसेंबर १९५२ रोजी, कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत भयंकर अपघात झाला. इंधनाच्या कांड्या वितळल्या आणि किरणोत्सर्गी पाण्याने तळघर भरून गेले. ती भट्टी उकलण्याच्या कामी मदत करण्यासाठी जी अमेरिकन पथके गेली, त्यांतील एकाचे नेतृत्व कार्टर यांच्याकडे होते. किरणोत्सर्ग इतका तीव्र की एका माणसाला आत सुमारे दीड मिनिटापेक्षा अधिक काळ थांबता येत नसे. म्हणून जवळच्या टेनिसच्या मैदानावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. कोणता स्क्रू कोणी, कोणत्या हत्याराने, किती सेकंदांत काढावयाचा याची तेथे पुनःपुन्हा तालीम होई. मग संरक्षक पोशाख घालून माणसे आत उतरत, ठरलेले दोन-चार स्क्रू काढीत आणि धावत बाहेर येत. एक स्क्रू निघाला की प्रतिकृतीवरचाही तो काढला जाई. पुढे कित्येक महिने या पथकातील लोकांच्या मलमूत्राची तपासणी चालू होती.

या प्रसंगातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. नव्वद सेकंदांच्या कामासाठी तासन्‌तास तयारी करावी लागते, ही पहिली. आणि अणुशक्तीचे भय पुस्तकात वाचलेल्या माणसापेक्षा ते अंगावर घेतलेल्या माणसाला अधिक कळते, ही दुसरी.

घराकडे परत

‘सी वुल्फ’ या नव्या अणुपाणबुडीच्या कामात कार्टर गढून गेलेले असतानाच, १९५३ च्या जुलैमध्ये, वडील कर्करोगाने वारले. अखेरच्या दिवसांत कार्टर त्यांच्या उशाशी होते. भेटावयास येणाऱ्या गोऱ्या-काळ्या माणसांची रीघ लागली होती. वडिलांनी कोणाला उधारीत सूट दिली होती, कोणाच्या मुलाचा खर्च गुपचूप चालविला होता, ते तेव्हा मुलाला प्रथमच कळले. आपण मेलो तर इतक्या माणसांच्या आयुष्यात काही फरक पडेल काय, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि आरमारातील उज्ज्वल भवितव्य सोडून त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राजीनामा दिला. रोझलिन यांना हा निर्णय मुळीच पसंत नव्हता. पहिल्या वर्षी अवर्षणाने पीक बुडाले. कुटुंब सरकारी घरांच्या वस्तीत राहत होते. हळूहळू भुईमुगाच्या बियाण्याच्या धंद्याने मात्र चांगले मूळ धरले.

१९५५ साली ते तालुक्याच्या शालामंडळावर गेले. त्याच सुमारास वर्णभेद टिकविण्यासाठी गोऱ्या लोकांनी गावोगाव मंडळे काढली होती. प्लेन्समधील गोऱ्या पुरुषांपैकी एकटे कार्टर तिचे सभासद झाले नाहीत. मित्रांनी वर्गणी आपण भरतो म्हटले. तरीही ते बधले नाहीत. मग त्यांच्या दुकानावर बहिष्कार घालण्यात आला. पाणबुडीच्या पोटात कृष्णवर्णीय सहकाऱ्यांशी खांद्याला खांदा लावून राहिलेल्या माणसाला हा भेद आता पटणे शक्य नव्हते.

निवडणुकीच्या रिंगणात

१९६२ साली त्यांनी राज्याच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक लढविली आणि प्रथम ते हरले. एका मतदानकेंद्रावर स्थानिक पुढाऱ्याने दांडगाई चालविली होती. मते टाकणाऱ्यांपेक्षा मतपत्रिका अधिक निघाल्या. मृतांनीही मतदान केल्याचे दिसून आले. कार्टर यांनी साक्षी गोळा केल्या, न्यायालयात दाद मागितली आणि जागा मिळविली.

१९६६ साली राज्यपालपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९७० साली ते विजयी झाले. मात्र त्या प्रचारात त्यांनी वर्णभेदवाद्यांची मतेही आपल्याकडे ओढण्याची खटपट केली होती, हे चरित्रलेखकाने लपवू नये. १९७१ च्या जानेवारीत अधिकारग्रहणाच्या भाषणात मात्र वर्णभेदाचा काळ संपला आहे असे त्यांनी स्पष्ट बजावले. पुढे राज्याच्या विधिमंडळ-इमारतीत त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांचे तैलचित्र लावले.

याच काळात त्यांची आई लिलियन आपल्याकडे येऊन गेली होती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ‘पीस कोअर’ या सेवासंघटनेत नाव नोंदवून ती १९६६ साली भारतात आली आणि मुंबईजवळील विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतील दवाखान्यात तिने सुमारे दोन वर्षे रुग्णसेवा केली. ज्या वयात माणसे देवदर्शनाला निघतात त्या वयात ही बाई परक्या देशात कुष्ठरोग्यांची सेवा करीत होती. मुलाच्या पुढील आयुष्याची किल्ली येथे सापडते.

राष्ट्राध्यक्षपद

व्हिएतनामचे युद्ध आणि निक्सन यांच्या कारकिर्दीतील वॉटरगेट प्रकरण यांमुळे अमेरिकन जनतेचा राज्यकर्त्यांवरील विश्वास उडाला होता. मी तुमच्याशी कधीही खोटे बोलणार नाही, असे आश्वासन देऊन कार्टर १९७६ ची निवडणूक थोड्या मतांनी जिंकले. २० जानेवारी १९७७ रोजी शपथविधीनंतर मोटारीतून उतरून ते पत्नीसह पायी चालत गेले.

त्यांच्या कारकिर्दीतील दोन कार्ये चिरस्थायी ठरली. पनामा कालवा त्या देशाला परत देण्याचा करार त्यांनी १९७७ साली केला. हा करार अमेरिकेत अत्यंत अप्रिय होता. त्यास मान्यता देण्यासाठी सदुसष्ट मते हवी होती. दोन्ही वेळा नेमकी अडुसष्ट मिळाली. ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाच्या हाती गेला.

दुसरे कार्य कॅम्प डेव्हिडचे. इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाचेम बेगिन यांना १९७८ च्या सप्टेंबरात त्यांनी त्या डोंगरावरील विश्रामस्थानी तेरा दिवस ठेवून घेतले. दोघांचे पटेना, तेव्हा कार्टर मसुद्याचे कागद घेऊन स्वतः एका कुटीतून दुसऱ्या कुटीत जात. अखेरीस बेगिन सामान बांधून निघण्याच्या बेतात होते. त्यांनी आपल्या नातवंडांसाठी तिघांच्या छायाचित्रांवर स्वाक्षऱ्या मागितल्या होत्या. कार्टर यांनी प्रत्येक नातवंडाचे नाव विचारून घेतले, एकेका छायाचित्रावर एकेक नाव लिहिले आणि ते स्वतः नेऊन दिले. नावे वाचता वाचता वृद्ध बेगिन यांचा कंठ दाटून आला. बोलणी पुन्हा सुरू झाली आणि २६ मार्च १९७९ रोजी दोन्ही देशांत तह झाला. पॅलेस्टाइनचा प्रश्न त्याने सुटला नाही हे खरे. परंतु ज्या दोन राष्ट्रांत पंचवीस वर्षांत चार युद्धे झाली होती, त्यांच्यात पुन्हा युद्ध झाले नाही.

भारताशी मात्र त्यांचा एक मतभेद झाला, आणि तो आपल्या तारापूरवरून. तेथील अणुवीजकेंद्राला इंधन देण्याचा करार अमेरिकेने १९६३ साली केला होता. १९७४ साली भारताने पोखरण येथे चाचणी केली. त्यानंतर, भारताने आपली सर्व अणुकेंद्रे तपासणीसाठी खुली करावीत, असा आग्रह कार्टर यांनी धरला. तो आपल्या सरकारला मान्य नव्हता. १९७८ च्या जानेवारीत ते दिल्लीस आले असता, याविषयी कडक पत्र धाडण्याची त्यांची खाजगी भाषा ध्वनिक्षेपकातून वार्ताहरांच्या कानी पडली! चॉक रिव्हर पाहिलेल्या माणसाची भीती समजण्यासारखी होती. पण ज्यांनी स्वतः हजारो अण्वस्त्रे बाळगली त्यांनी इतरांना उपदेश करावा, हे भारताला कसे रुचावे? दोन्ही बाजू ध्यानात घेऊन विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा.

पराभव

४ नोव्हेंबर १९७९ रोजी इराणमधील क्रांतिकारकांनी तेहरानची अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली. बावन्न माणसे चारशे चव्वेचाळीस दिवस ओलीस राहिली. १९८० च्या एप्रिलमध्ये त्यांच्या सुटकेसाठी धाडलेली मोहीम वाळवंटातच फसली आणि आठ सैनिक प्राणास मुकले. त्या अपयशाची संपूर्ण जबाबदारी कार्टर यांनी दूरचित्रवाणीवर स्वतःच्या शिरावर घेतली. तिकडे महागाई भडकली होती, तेलाची टंचाई होती. निवडणुकीत पन्नासांपैकी चव्वेचाळीस राज्यांत ते हरले. अधिकाराच्या शेवटच्या रात्रीही ते ओलिसांच्या सुटकेची बोलणी करीत जागे होते. २० जानेवारी १९८१ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शपथ घेतल्यावर काही मिनिटांतच ओलिसांना सोडण्यात आले. श्रम एकाचे आणि शुभशकुन दुसऱ्याला, असाच हा प्रकार. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते प्लेन्सला परतले, तेव्हा भुईमुगाचा धंदाही कर्जात बुडाला होता.

नारूविरुद्धची मोहीम

चरित्र येथे संपले असते, तर कार्टर यांची गणना अयशस्वी राष्ट्राध्यक्षांत होऊन ते विस्मृतीत गेले असते. परंतु १९८२ साली पत्नीसह त्यांनी ‘कार्टर सेंटर’ ही संस्था स्थापिली. तिच्या कार्यांपैकी नारूचे निर्मूलन हे आम्हांस सर्वांत मोठे वाटते.

नारू म्हणजे काय, हे आजच्या मुलांना ठाऊक नाही, ही भाग्याची गोष्ट होय, वडीलधाऱ्यांना विचारा. तळ्याच्या अस्वच्छ पाण्यात अगदी बारीक जलकीटक असतात. त्यांच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. ते पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षाने हातभर लांबीचा कृमी, बहुधा पायाची कातडी फोडून, बाहेर येऊ लागतो. आग इतकी होते की रोगी पाय पाण्यात बुडवितो. त्याच क्षणी कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. यावर लस नाही, औषध नाही. कृमी काडीभोवती गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढणे एवढाच उपाय. मात्र रोग टाळणे सोपे आहे : पाणी दाट कापडातून गाळून प्यावे आणि रोग्याने पाणवठ्यात उतरू नये.

१९८६ साली कार्टर सेंटरने हे काम हाती घेतले तेव्हा एकवीस देशांत दरवर्षी सुमारे पस्तीस लाख लोकांना नारू होत असे. महाराष्ट्रासह भारतातील अनेक राज्यांत तो होता. आपल्या सरकारने स्वतंत्र मोहीम काढली. पायऱ्यांच्या विहिरींत माणसे उतरत, तेथे हातपंप बसविले. १९९६ नंतर देशात रोगी आढळला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आफ्रिकेत कार्टर स्वतः खेडोपाडी हिंडले. १९९५ साली सुदानमध्ये यादवी चालू असताना त्यांनी दोन्ही पक्षांना या कामासाठी जवळजवळ सहा महिने शस्त्रे खाली ठेवावयास लावली. २०२४ साली संपूर्ण जगात नारूचे मानवी रोगी अवघे पंधरा होते. राष्ट्राध्यक्ष असताना हाती सैन्य होते, पैसा होता. येथे हाती होते ते गाळण्याचे कापड.

गरिबांसाठी घरे बांधणाऱ्या संस्थेबरोबर ते दरवर्षी आठवडाभर सुताराची हत्यारे घेऊन काम करीत. २००६ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते आपल्या लोणावळ्याजवळ घरे उभारण्यास आले होते. २००२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २००५ साली त्यांचे नाव दिलेली एक पाणबुडी आरमारात दाखल झाली. ती ‘सी वुल्फ’ याच वर्गातील आहे. रोझलिन २०२३ साली निवर्तल्या. २९ डिसेंबर २०२४ रोजी प्लेन्सच्या आपल्या जुन्या घरी कार्टर यांनी देह ठेवला. तेव्हा त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

समारोप

मित्रांनो, निवडणुकीचा निकाल आणि परीक्षेचा निकाल यांत एक साम्य आहे. दोन्ही एका दिवसाचे असतात, आणि दोन्हींत आपल्या हाती नसलेल्या पुष्कळ गोष्टी असतात. म्हणून ते क्षुल्लक आहेत असे आम्ही म्हणणार नाही; कार्टर यांच्या चुकांची किंमत त्यांनी आणि इतरांनीही मोजली. परंतु निकालानंतरच्या दिवशी माणूस काय करतो, हे सर्वस्वी त्याच्या हाती असते. कार्टर यांनी त्या दिवसापासून पुढे कित्येक दशके काम केले. रिकोव्हर यांच्या प्रश्नाला तरुणपणी जे उत्तर देता आले नाही, ते त्यांनी असे सावकाश दिले. तुम्हांपैकी कोणाचा निकाल यंदा मनासारखा लागला नसेल, तर त्याने हे चरित्र अवश्य पुन्हा एकदा वाचावे.

विचारासाठी प्रश्न

१. ‘होय’ असे उत्तर देणे सोपे असताना कार्टर यांनी रिकोव्हर यांना खरे का सांगितले असेल?
२. आरमार सोडण्याचा त्यांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो काय? रोझलिन यांच्या बाजूनेही विचार करा.
३. तारापूरच्या प्रश्नावर भारताची आणि अमेरिकेची बाजू प्रत्येकी पाच ओळींत मांडा.
४. औषध नसलेला रोग केवळ सवयी बदलून कसा हटविता येतो, ते नारूच्या उदाहरणाने स्पष्ट करा. आपल्या घरातील वृद्ध माणसांना या रोगाच्या आठवणी विचारून लिहून काढा.